हात उगारला तर पोलीस येतात, त्या देशात

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी माझ्या मोठ्या दिरांनी, नानांनी, आमच्या भाड्याच्या ट्रॅक्सची पुढची काच फोडली. बॅगा चढवून झाल्या होत्या. माझी लेक स्वाती ड्रायव्हरशेजारी बसायचा हट्ट करत होती आणि मी तिला दंडाला धरून मागे ओढत होते, म्हणून वाचली. नाना पडवीतून उठले, अंगणात पडलेला चुलीचा दगड दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि आदळला. ड्रायव्हर शिव्या घालत उतरला तशी त्यांनी त्याची गचांडी धरली. माझी जाऊ मध्ये पडली. मी तिला बाय म्हणते. पहिला फटका नेहमीसारखा तिलाच बसला.

"जा तुमी," पदरानं ओठावरचं रक्त पुसत ती म्हणाली. "आता थांबू नका. इमान कोनासाठी थांबत नाय."

मुंबईच्या विमानतळापर्यंत आम्ही काच नसलेल्या गाडीतून गेलो. मे महिन्याची गरम धूळ सारखी तोंडावर येत होती. माझ्या मिस्टरांनी, विलासनी, नवा शर्ट घातला होता. कल्याण येईपर्यंत तो मातकट झाला. मला एकच कळत होतं, की नानांनी काच रागानं फोडली नव्हती. आम्ही जाऊ नये म्हणून फोडली होती. पण "जाऊ नका" हे शब्दच त्यांच्याकडे उरले नव्हते.

आता गावाकडून, शहापूरकडून, माझ्या माहेरच्या डोळखांबकडून सारखे फोन येतात. पोरं शिकली आहेत, निघायचं म्हणतात. कुणी विचारतं, काकू, दुबई बरी का कॅनडा? टॅक्स किती? हातात काय राहतं? सुट्टी किती, घरं कशी, हवा कशी? मी सांगते तेवढं सांगते. पण आम्ही देश कसा निवडला ते आजवर कुणाला सांगितलं नाही. ते नानांपासून सांगावं लागतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुरबाडच्या पुढे, घाटाच्या रस्त्याला आत आमचं गाव. विलास मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते, नाना शेती बघत. त्या सुमाराला डोंगराच्या अंगाच्या जमिनींना भाव आला. शहरातल्या लोकांना फार्महाऊस पाहिजे होती. कल्याणच्या एका शेठनं आमच्या मागचा माळ घेतला, पण तिथं जायला रस्ता आमच्या खळ्यावरूनच होता. नानांनी नाही म्हटलं. शेठ स्वतः कधी भांडायला आला नाही. त्यानं आमच्याच भावकीतल्या हिरामणला हाताशी धरलं. हिरामण यांचा चुलतभाऊ. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून सणासुदीला तो आमच्या पंगतीला असे. तांदळाची भाकरी त्याला माझ्याच हातची लागायची.

झोडणी झाली होती. मी खळ्यात भात उफणत होते, नाना पेंढा रचत होते. बाय बाजाराला मुरबाडला गेली होती, आणि सासऱ्यांना, आबांना, तेव्हा डोळ्यांनी कमी दिसायचं. ते घरात होते. जीप थेट खळ्यात आली. भाताच्या राशीवरून चाक गेलं. नाना जीपच्या आडवे आले.

"रस्ता नाय म्हनजे नाय, हिरामण," नाना म्हणाले. "आन खळ्यात चपला घालून आलास? लाज नाय वाटत?"

हिरामणनं जीपमधून पहार काढली. मला वाटलं, कुंपण उपटायला काढली असेल. त्यानं ती नानांच्या पायावर मारली, आणि ते वाकल्यावर डोक्यात. त्याच्याबरोबर दोघं होते, त्यांच्याकडे बांबू होते. माणूस पडल्यावरसुद्धा किती मारतात याची मला कल्पना नव्हती. मी सूप टाकून धावले आणि नानांच्या अंगावर पडले. हाड मोडल्याचा आवाज आला. तो माझ्याच अंगातून आला हे मला उशिरानं कळलं. माझा डावा खांदा गेला होता. मी मान वर केली तेव्हा हिरामणचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस थांबेल असं आपल्याला वाटतं. त्यानं परत मारलं.

नाना जगले. मुरबाडहून कल्याण, कल्याणहून मुंबईच्या सरकारी दवाखान्यात. कितीतरी आठवड्यांनी घरी आले ते कपाळाला खड्डा घेऊन. कोणी मारलं ते त्यांना आठवत नव्हतं. ते ज्याला नाव द्यायला जातील ते भलतंच निघे. पाणी हवं असलं की "बैल" म्हणत. आणि दिलं नाही की मारत. पहिल्यांदा त्यांनी बायला मारलं ते पितळी तांब्यानं, भाकरी गार होती म्हणून. जो माणूस बायकोला कधी ए म्हणाला नव्हता, त्यानं. पुढे आबांच्या थोबाडीत दिली. आबा रडले नाहीत. कुडाला टेकून बसले आणि म्हणाले, "त्या पहारीचा मार अजून संपला नाय रे. तो आता घरात आलाय."

पोलिसांत माझा जबाब झाला होता. बघणारी मी एकटीच. केस उभी राहायला वर्षं गेली. तारीख जवळ आली तशी भावकीतली दोन वडीलधारी माणसं आमच्या पडवीत येऊन बसली. चहा झाला. पिकापाण्याचं झालं. मग त्यातला एक मला म्हणाला, "सूनबाई, तू उफणत होतीस ना? धूळ असंल मग."

मी म्हटलं, "होती."

"मग तेवढंच सांग कोर्टात. धूळ होती, नीट दिसलं नाय. खोटं कुठं हाय त्याच्यात?"

आणि मग यांच्याकडे वळून त्यांनी शेठचा निरोप सांगितला. दुबईत शेठच्या मेव्हण्याचा वर्कशॉप होता. व्हिसा, तिकीट, राहायला खोली, सगळं त्यांचं. पगार इथल्या कितीतरी पट, आणि टॅक्स नाही. दोन वर्षांत घर बांधशील, पाच वर्षांत नानाचा इलाज परदेशात करशील, असं बोलले. ज्यांनी नानांचं डोकं फोडलं ते नानांच्या इलाजाची वाट दाखवत होते, आणि ते म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही.

विलासना बाहेर जायचंच होतं, हे मी लपवत नाही. कारखान्यात कपात चालली होती. त्यांच्या डोक्यात तीन देश होते. दुबई शेठची. मस्कतला त्यांच्या जुन्या सुपरवायझरनं बोलावलं होतं. तिथंही पैसा चांगला, पण एकट्यानं जायचं, मी आणि स्वातीनं गावात राहायचं. तिसरा न्यूझीलंड. शेजारच्या मशीनवरच्या जोशींचा मेव्हणा तिकडे एका मांसाच्या कारखान्यात होता, त्यांना फिटर पाहिजे होते. पण तिथं जायची फी आपण भरायची, पगारातला मोठा हिस्सा टॅक्समध्ये जायचा, थंडी म्हणे हाडात शिरते. तिघांनी मिळून जायचं मात्र.

"तिथं काय उरनार हातात?" हे म्हणायचे. "टॅक्स दे, भाडं दे, हीटरचं बिल दे. जगायला जायचं का कमवायला?"

"तुम्ही मस्कतला जाऊन कमवाल. इथं मी कुणाच्या भरवशावर राहू? हिरामण रोज दारावरून जातो."

"म्हनून सांगतो, दुबई घे. केस बी मिटंल."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"धूळ नव्हती का गो?" ते ओरडले. "नव्हती का धूळ?"

मी म्हटलं, "तुमच्या भावाचं डोकं फुटलं, तुमचं नाही, म्हणून तुम्हाला धूळ दिसते."

त्यांनी मला मारलं. उघड्या हातानं, कानाखाली. भर दुपारी, स्वाती समोर जेवत असताना. तोवर त्यांनी कधी हात लावला नव्हता. मारून झाल्यावर ते स्वतःच्या हाताकडे बघत उभे राहिले. स्वातीनं ताट बाजूला सारलं आणि उठून बायच्या मागे जाऊन लपली. ती नानांनी मारल्यावर लपायची, अगदी तशी.

मी डोळखांबला माहेरी निघून गेले. माझा बाप कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परत जायचं का नाय ते तू ठरव. पन कोर्टात जायचं ते जायचंच. आन देश निवडायचा तर पगार त्याला इचारू दे. तू दुसरं कायतरी इचार."

मी दुसरं काय विचारू ते मला शहापूरच्या एसटीडी बूथमध्ये सुचलं. जोशींच्या मेव्हण्याचा नंबर घेतला होता. विलास मला न्यायला आले होते, चार दिवसांची दाढी, बूथच्या बाहेर उभे. मी मेव्हण्याला घराचं भाडं विचारलं, शाळा विचारली, डाळ-तांदूळ मिळतात का विचारलं. मग म्हटलं, "भाऊ, तिथं नवऱ्यानं बायकोला मारलं तर काय होतं?"

तो हसला. "वहिनी, इथं फोन केला की पोलीस येतात. नवऱ्याला उचलतात. इथं फार कडक आहे."

"आणि बाई बाहेरची असली, इंग्रजी येत नसलं, तरी?"

आता तो हसला नाही. "तरी येतात," म्हणाला.

मी बाहेर येऊन यांना सांगितलं, "मी तुमच्याबरोबर येते. पण त्याच देशात." त्यांनी का ते विचारलं, मी सांगितलं. रस्त्यावर, लोकांच्या देखत, त्यांची मान खाली गेली. मग म्हणाले, "बरं." आमचा देश ठरला तो असा. मस्कतच्या पैशाला आणि दुबईच्या खोलीला मी तोलून बघितलं नाही असं नाही. तोललं. पण एका पारड्यात माझा कान होता.

साक्ष कल्याणच्या कोर्टात झाली. त्यांच्या वकिलानं धुळीवरून मला उलटसुलट विचारलं. मी म्हटलं, "साहेब, धूळ होतीच. पण हिरामणला मी कितीतरी वर्षं जेवायला वाढलंय. माझ्या हातचं जेवलेला माणूस मला धुळीत पण कळतो." हिरामण समोर उभा होता. तो खाली बघत होता. बाहेर आल्यावर त्याची आई माझ्या अंगावर थुंकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची पेंढ्याची गंजी पेटली. म्हैस शेजारीच बांधलेली. बाय दावं कापायला कोयती घेऊन आगीत शिरली, तिचे केस जळले, पण दावं कापता आलं नाही. म्हशीचं ओरडणं मी अजून विसरले नाही. गावातलं कुणी पाणी घेऊन आलं नाही. लोक आपापल्या दारात उभे होते. नाना मात्र जळत्या पेंढ्याकडे बोट दाखवून "पाऊस, पाऊस" म्हणत टाळ्या वाजवत होते.

आम्ही निघालो ते त्यानंतर वर्षभरानं, कागदपत्रं झाल्यावर. निकाल इकडे आल्यावर फोनवर कळला. दोघं सुटले. हिरामणला शिक्षा झाली, त्यानं वर अपील केलं, जामिनावर गावात आला, आणि पुढे ग्रामपंचायतीला उभा राहून निवडूनसुद्धा आला. हेही सांगते, कारण खरं बोललं की सगळं नीट होतं असं मला कुणाला शिकवायचं नाही.

इकडचं गाव लहान, न्यूझीलंडच्या दक्षिणेकडचं. कारखान्यात रोज हजारो मेंढ्या कापल्या जातात. विलास साखळ्या आणि करवती दुरुस्त करतात. पुढे मीही पॅकिंगला लागले, मग हाडावरचं मांस सोडवतात त्या बोनिंग रूममध्ये, सुरी हातात घेऊन. आम्ही मटण खाणारी माणसं, त्याचं काही वाटलं नाही. पण पहिल्या दिवशी हाडावर करवत चालली आणि माझा डावा खांदा आपोआप वर उचलला गेला. मी बाहेर जाऊन ओकले. सुपरवायझर बाईंना वाटलं, मला रक्त सोसत नाही. रक्ताचं काही नव्हतं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

पैशाचं म्हणाल तर हे म्हणाले होते तेच खरं निघालं. टॅक्स, भाडं, हीटर. मस्कतला गेलेल्यांनी गावात दुमजली घरं बांधली, आम्ही नानांच्या औषधांना आणि बायच्या घराला पाठवतो तेवढंच. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं, पैशावरूनच. यांनी हात उगारला. मी हलले नाही. त्यांची नजर खिडकीकडे गेली, शेजारच्या घराच्या दिव्याकडे, आणि हात खाली आला. तो माझ्या मायेनं खाली आला नाही, पोलिसांच्या भीतीनं आला, हे आम्हा दोघांनाही कळलं. मला ते चाललं. नंतर कधीतरी भीतीची सवय झाली आणि सवयीचा स्वभाव झाला. आता स्वाती बापाच्या पाठीवर थाप मारून बोलते. मला मस्कतच्या दुमजली घराचा हेवा वाटत नाही.

पण बाय तिथंच होती.

खूप खटपट करून आम्ही तिला तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, सुगी आटोपल्यावर. तिचा मुलगा मंगेश तोवर वीस वर्षांचा झाला होता, तो बापाला सांभाळायला राहिला. बाय विमानातून उतरली ती हातात चपला घेऊन. फरशी इतकी चकचकीत, चपला घाण करतील म्हणाली. तिच्या अंगावर कुठं काय आहे ते मी न्हाणीत बघितलं. ते लिहीत नाही.

पहिला आठवडा ती नुसती झोपली. मग माझ्याबरोबर बाजारात यायला लागली. एकदा सुपरमार्केटमध्ये वर्दीतली पोलीस बाई पाव घेत होती. बाय तिच्याकडे टक लावून बघत राहिली. "मारल्यावर हिला बोलवायचं?"

"हो."

"आन ही त्याला घेऊन जाते?"

"हो."

बायनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आन मग घरात कोन ऱ्हातंय?"

मी आणि विलासनी ठरवलं होतं, की तिला परत पाठवायचं नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात यांनीच विषय काढला. मोठ्या भावजयीच्या पायाशी बसून म्हणाले, "वयनी, तुमी इथंच ऱ्हावा. वकील बघतो. नानाला मी पैसे देऊन मानूस ठेवतो."

बाय म्हणाली, "मानसाला बी मारंल तो. मानूस पळून जाईल."

मग मी चिडले. मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुला मार खायची चटक लागलीय. ती रागावली नाही. तिनं स्वातीला खोलीबाहेर पाठवलं आणि मला म्हणाली, "सुमन, तुला वाटतं मी त्याच्यासाठी जाते. मी मंगेशसाठी जाते. मी तिथं नाय म्हटल्यावर हात त्याच्यावर पडंल. पोरगा तरना हाय. एक डाव सोसंल, दोन डाव सोसंल. तिसऱ्याला उलट टाकंल. पहार घरातच हाय गो. मग बाप मेला आन पोर जेलात. मधी कोनीतरी पायजे का नको?"

यांनी तोंड फिरवलं. मला इथला एकही कायदा आठवला नाही जो मी तिच्यासमोर ठेवू शकले असते.

"इथं बरं हाय," ती पुढे म्हणाली, जणू आमची समजूत घालायला. "इथं कोन मारत नाय. तुमी बरोबर जागा बघितली. पन ती तुमच्या मापाची हाय."

ती गेली. विमानतळावर मी तिला मिठी मारली तेव्हा खांद्याला सांभाळून मारली, तिच्या आणि माझ्याही. कितीतरी दिवस मी तिच्यावर रागच धरला. फोन आला की यांच्याकडे द्यायची.

मग एका रविवारी तिचा फोन आला आणि तिनं मलाच बोलवायला सांगितलं. नानांनी तिच्यावर पाट उगारला होता. मंगेश ओट्यावर होता, तो आत आला.

"मग?" मी विचारलं.

"हात धरला गो त्यानं बापाचा."

"मारलं?"

"नाय. नुसता धरला. बाप ओरडतोय, लाथा घालतोय, ह्यानं सोडला नाय. पन मुरगळला बी नाय. धरून उभा. बराच टाइम. मग नाना दमला. पोरगा म्हनला, बा, बस. आन नाना बसला."

दोघीही फोनवर रडलो. इकडे हिवाळ्याची सकाळ, तिकडे अजून उजाडायचं होतं. बाय एवढ्या पहाटे कुणाच्या तरी दारात जाऊन फोन मागून बोलत होती, आणि तिला ते मला सांगितल्याशिवाय राहवलं नव्हतं. विलास भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बाहेर गेले आणि थंडीत बिनजॅकेटचे फिरत राहिले.

मला इथले लोक विचारतात, तू आता इथली की तिथली? पासपोर्ट इथला आहे, कर्ज इथलं आहे, लेकीची भाषा इथली आहे. जिथं मला कुणी मारत नाही ते माझं राहतं घर. आणि जिथं कुणाला मारलं तर अजून माझा खांदा ठणकतो, ते दुसरं. तिथं मी परत राहायला जाणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा विलासना म्हटलं, "यंदा सुगीला आपण घरी जाऊ या." आणि त्यांनी कुठलं घर, असं विचारलं नाही.